साथीच्या दवाखान्यातली खाट

इंदापूरच्या लोकल बोर्डाच्या कचेरीत मोहनरावांची हयात गेली, पण त्यांनी स्वतःसाठी सरकारकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्यांच्या खुर्चीचा एक हात मोडलेला होता आणि टेबलाचा एक पाय विटेवर उभा होता. या निरिच्छपणाचा त्यांना थोडा अभिमानही होता. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू मागावीशी वाटली, आणि तीही सरकारने कधीच टाकून दिलेली, तेव्हा ती चटकन मिळेल असं ते धरून चालले. इतकी वर्षं कचेरीत काढूनही माणसाला असं वाटू शकतं, यावरून मोहनरावांचा स्वभाव ध्यानात यावा.

वस्तू म्हणजे एक लोखंडी खाट.

झालं असं, की त्यांची आई तानूबाई मोरीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर धरली. मोहनरावांनी तिला एस.टी.त घालून बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "भुईवर ठेवू नका. चांगली उंच, ताठ खाट बघा, म्हणजे पाय खाली सोडून त्यांना आपलं आपण उठता येईल. भुईवर राहिल्या तर त्या परत उभ्या राहायच्या नाहीत." म्हातारीने हे ऐकून घेतलं. परत येताना एस.टी. गावाच्या वेशीशी आली तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "मी खाटंवर निजायची न्हाय."

यात नवीन काही नव्हतं. उन्हाळ्यात सगळी आळी अंगणात बाजा टाकून झोपायची, तेव्हा तानूबाई भुईवर घोंगडं अंथरायची. सारजा, म्हणजे मोहनरावांची बायको, पहिल्या खेपेला बाळंत झाली तेव्हा बाळंतिणीची बाज घरात आणण्यासाठी सासूची किती मनधरणी करावी लागली, हे सारजा अजून सांगते. कोणी आजारी पडून बाजेवर आहे असं कळलं, की तानूबाई त्या घरी जाऊन बसायची आणि घरच्यांना सारखी विचारायची, "भुई सारवून ठेवलीया न्हवं?" आजाऱ्याला बघायला येऊन असं विचारणारी बाई कोणाला आवडणार? मोहनरावांना तो आईचा हट्ट वाटायचा, आणि हट्टाला कारण असतं असं त्यांना कचेरीत कोणी शिकवलं नव्हतं.

घरातल्या बाजेला झोळ पडलेला. सुतार म्हणाला, लाकूड आलं की बघू. ते कधी येणार हे त्याने सांगितलं नाही. अशा विवंचनेत असताना मोहनरावांना साथीचा दवाखाना आठवला.

गावाबाहेर, बारामतीच्या रस्त्याला, माळावर तो उभा होता. गाठीच्या साथीत, म्हणजे प्लेगात, इंग्रजाने बांधलेला. साथ ओसरली, सरकारने दाराला कुलूप घातलं आणि तिकडे पाठ फिरवली. आमच्या मुलुखात बेवारस वस्तू जागेवर राहत नाही. देवळापुढच्या चपलासुद्धा नजर ठेवून सोडाव्या लागतात. पण या दवाखान्याची कडीही कोणी उचकटली नव्हती. पत्रे गंजले, भिंतीला पिंपळ फुटला, आत लोखंडी खाटांची रांग जशीच्या तशी राहिली. मेंढरं घेऊन जाणारी माणसं उन्हातही त्याच्या सावलीला थांबत नसत. आणि दवाखाना लोकल बोर्डाच्या ताब्यात असल्यामुळे त्या खाटा मोहनरावांच्याच खात्याच्या होत्या.

शेजारचे आबाजी, पेन्शनीत निघालेले तलाठी, रोज सकाळी मोहनरावांच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि न विचारता सल्ला द्यायचे. त्या दिवशी खाटेचा बेत ऐकून त्यांनी तंबाखू तशीच हातात ठेवली.

"मोहनराव, त्या खाटांवर कोन कोन गेलंय, ठावं हाय का?"

"आबा, लोखंडाला रोग लागत नाही. धुऊन घेतली की झालं."

"रोगाचं कोन बोलतंय? माणूस जायाच्या येळंला त्याला भुईवर घ्यावं लागतं. सारवलेल्या भुईवर, तोंडात पानी घालून. खाटंवर जीव गेला तर तो ना धड वर, ना धड खाली. अधांतरी ऱ्हातो. तितं गेल्याली समदी माणसं खाटंवर गेली. सायबाचा हुकूमच व्हता, रोग्याला खाली उतरवायचं न्हाय. घरच्यांना तारंच्या कुंपनाभाईर थांबवायचे." आबाजींनी आवाज खाली आणला. "तिनीसांजंला त्या बाजूनं ग्येलं तर आजून आतनं बोलत्यात. 'मला खाली घ्या' म्हन्त्यात. माज्या कानानं ऐकलंय मी."

मोहनरावांनी वाऱ्यावर, पत्र्यांवर आणि घुबडांवर एक छोटं भाषण दिलं. ते बरं झालं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आत घोंगड्यावर पडून तानूबाई ते सगळं ऐकत होती.

अर्ज गेला. वरून उत्तर आलं, की दवाखान्याची खाट दवाखान्याच्या रुग्णालाच वापरता येते. मोहनरावांनी लिहिलं, दवाखाना बंद आहे. उत्तर आलं, तसं असेल तर रुग्ण नाही, आणि रुग्ण नाही तर खाटेची गरज दिसत नाही. या युक्तिवादात खोट कुठे आहे ते मोहनरावांना सापडेना, कारण गेली कित्येक वर्षं ते स्वतः लोकांना अशीच उत्तरं पाठवत होते. शेवटी हेडक्लार्कला दया आली. त्यांनी वाट काढली, ती अशी: श्रीमती तानूबाई यांना सदर दवाखान्यात कागदोपत्री दाखल करून घ्यावं, मोहनरावांचं राहतं घर हा दवाखान्याचा तात्पुरता भाग समजावा, आणि रुग्ण बरा झाल्यावर अथवा दगावल्यावर खाट स्वच्छ करून परत करावी. मोहनरावांनी सही केली. आपण आपल्या आईला प्लेगच्या दवाखान्यात भरती केलं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना मंजुरीचा आनंद झाला होता.

खाट आणायला एकही गाडीवान मिळेना. कुंडलिक तेवढा कबूल झाला, तोही अटी घालून.

"खाट गाडीत उभी घालायची, अण्णा. आडवी न्हाय."

"उभी का?"

"आडवी घातली म्हंजी तिच्यावर कोनतरी हाय. उभ्या खाटंवर कोन निजंल? आन तुमी तिच्याशेजारी बसायचं न्हाय. मागनं चालत या. मी पाठीमागं बघनार न्हाय."

मोहनराव दवाखान्यात शिरले. कुंडलिक तारेपाशीच थांबला. तार म्हणजे आता नुसते गंजलेले खांब उरले होते. आत ओळीने खाटा होत्या, प्रत्येकीच्या उशाशी भिंतीवर डांबराने काढलेला आकडा होता, आणि नाव कुठेच नव्हतं. पिंपळाच्या मुळ्यांनी दोन खाटा एकमेकींना बांधून टाकल्या होत्या. मोहनरावांना आपण उगाच हळू चालतोय असं जाणवलं, म्हणून ते मुद्दाम खाकरले. त्यांचं खाकरणं सगळ्या खोलीभर फिरून परत आलं. मग त्यांनी दाराजवळची एक खाट धरली आणि मागे न बघता ओढत बाहेर काढली. हे आपण शास्त्राला धरूनच करतोय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

खाट गाडीत उभी राहिली तेव्हा तिचा एक पाय मोहनरावांच्या डोक्यावर आला आणि काळी टोपी चाकाखाली गेली. पुढे ओढ्यात चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन, बोडक्या डोक्याने, खाली काटे बघत मोहनराव गाडीमागून चालू लागले. पुढे कुंडलिक, मान ताठ, नजर समोर. मध्ये उभी केलेली, सुंभाने आवळलेली काहीतरी लांबट वस्तू, तिच्यावर गंजापासून कपडे वाचवायला टाकलेलं पांढरं धोतर.

त्यात नेमका बाजाराचा दिवस. मोहनरावांची म्हातारी बारामतीच्या डॉक्टरकडे नेली होती हे गावाला ठाऊक होतं, त्यानंतर ती कोणाला बाहेर दिसली नव्हती, आणि आता हा मुलगा अनवाणी, उघड्या डोक्याने गाडीमागून येत होता. माणसांनी लावायचा तो अर्थ लावला. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एका दुकानदाराने अर्धी फळी लावून घेतली. लोक हात जोडत होते. मोहनरावांना वाटलं, एका साध्या कारकुनाने अंधश्रद्धेला तोंड दिलं याचं गावाला कौतुक आहे. त्यांनीही गंभीरपणे मान लववून नमस्कार स्वीकारले.

बातमी गाडीच्या पुढे धावली. आळीच्या तोंडाशी राहणारी कुशाबाई मोठ्याने गळा काढतच मोहनरावांच्या अंगणात शिरली. तिथे तानूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. कुशाबाईला रडं मध्येच आवरता येईना, म्हणून ती तशीच ते पुरं करत उभी राहिली.

"कोन ग्येलं गं?" तानूबाईने विचारलं.

"तुमीच की," कुशाबाई म्हणाली.

"आसं व्हय," म्हणून तानूबाईने तांदळातला खडा बाजूला टाकला.

तोवर अंगण भरलं होतं. खाट येण्याआधीच म्हातारी गेली असं समजून आबाजींनी शेजारधर्म म्हणून बांबू आणि मडकं आधीच मागवलं होतं. ते बांबू कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मोरीमागे लपवायचा प्रयत्न केला. बांबूंची टोकं वर दिसत राहिली. सारजा लाजेने आत गेली. लोक परतही जाईनात, कारण सुतकाच्या घरून परत फिरायची एक रीत असते, पण सुतकच नसेल तर कसं फिरायचं हे कोणाला माहीत नव्हतं. अशा वेळी गाडी दारात आली, आणि मोहनरावांनी ऐटीत धोतर ओढून खाट मोकळी केली.

जमलेली माणसं एकदम मागे सरकली. खाट अंगणाच्या मध्ये आडवी झाली आणि तिच्याभोवती मोकळं रिंगण पडलं.

"आई, ही बघ," मोहनराव म्हणाले. "घासून पुसून घेऊ. सरकारी मंजुरी आहे."

तानूबाई खाटेकडे बघत होती. "ही तितलीच का?"

"साथीच्या दवाखान्यातली."

"मला तितं ने. जवळ."

मोहनरावांनी आणि सारजाने धरून तिला खाटेपाशी बसवलं. तिने त्या लोखंडावरून हात फिरवला. वरून, खालून, पायापर्यंत. मग ती बोलली, आणि बोलताना मोहनरावांकडे बघत नव्हती.

"तुजा बाप हिच्यावर ग्येला. हीच का न्हाय, देव जानं. असलीच व्हती. तू कडंवर व्हतास. मी तारंला धरून हुबी, आन आतल्या मानसाला हाका मारतीया, त्यास्नी खाली घ्या, त्यांची येळ झालीया, भुईवर घ्या. त्यो म्हन्ला, हुकूम न्हाय. म्हन्लं मग मला आत घ्या, मी घेती. त्यो म्हन्ला, रोगी असशील तर आत घेतो. सांच्याला सांगाय आले, ग्येला म्हून." तिने बोटांना लागलेला गंज पदराला पुसला. "ते समद्यांना आवाज येतो म्हन्त्यात न्हवं? मला कधी आला न्हाय. म्या कधी त्या वाटंनं पायी ग्येलेच न्हाय. आला आसता तर काय सांगनार व्हती?"

मोहनरावांना आपला बाप साथीत गेला एवढंच माहीत होतं. त्याचा फोटो नव्हता, कपडा नव्हता. साथीत सगळं जाळून टाकलं होतं. बापाबद्दल त्यांनी कधी विचारलंही नव्हतं, कारण जो आठवतच नाही त्याच्याबद्दल काय विचारायचं, असं त्यांना वाटायचं. आता ते गंजाने लाल झालेले हात घेऊन उभे होते आणि त्यांना फार वाईट वाटत होतं. सांगायला जे शब्द मिळाले, ते कचेरीचे निघाले.

"आई, त्यांनी तुला दवाखान्यात दाखल करून घेतलंय," ते म्हणाले. "खाटेसाठी. कागदोपत्री."

तानूबाईने पहिल्यांदाच वर बघितलं. "म्हंजी घेतलं मला आत?"

"हो."

"मग म्या खाली घेती त्यास्नी," ती म्हणाली. "सारजे, भुई सारव."

सारजाने शेण कालवलं आणि खाटेशेजारी तेवढीच भुई सारवली. बापाचा कपडा नव्हता, तेव्हा तानूबाईने मोहनरावांच्या गळ्यातलं उपरणं मागून घेतलं. "तुजी अंगलट त्यांचीच हाय," ती म्हणाली. उपरण्याची लांबट घडी करून ती खाटेवर ठेवली. आता ती उचलून खाली घ्यायला चार माणसं हवी होती. मोहनराव डोक्याच्या बाजूला उभे राहिले. बाकी कोणी हलेना. शेवटी कुशाबाई पुढे आली, डोळे अजून ओलेच. मागोमाग सारजा. आणि मागे न बघण्याची अट घालणारा कुंडलिक गाडीवरून उतरला आणि चौथ्या कोपऱ्याला लागला.

उपरण्याला वजन ते किती असणार. पण चौघांनी ते वाकून, जपून, मान सांभाळत खाली घेतलं. तानूबाईने तुळशीचं पान पाण्यात बुडवून त्या घडीवर ठेवलं आणि चमच्याने पाणी सोडलं. "घेतलं बरं का," ती म्हणाली. "उशीर झाला. पर घेतलं."

मग ती रडली. गाव मयताला म्हणूनच आलं होतं, तेव्हा रडायला सोबत कमी पडली नाही.

पुढचं मोहनरावांनी ठरवलं नव्हतं. कुशाबाईने आपल्या खांद्यावरचं फडकं काढून खाटेवर ठेवलं आणि म्हणाली, "माजी आय." तिलाही खाली घेतलं. मग कोणाचा चुलता, कोणाची आत्या. सगळ्यात शेवटी आबाजी आले. त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, त्यातून एक चिंधीएवढा तुकडा फाडला आणि तो खाटेच्या अगदी मध्यावर ठेवला.

"कोण, आबा?" मोहनरावांनी विचारलं.

"नकोशी. माजी धाकली बहीन." आबाजींचा आवाज लहान झाला होता. "तिच्यासाटी तर तारंपतुर सुदिक कोनी ग्येलं न्हवतं. पोरीची जात, म्हन्ले."

तेवढ्या चिंधीला चार माणसं कशाला लागतात, पण आठजण वाकले.

नंतर कितीतरी दिवस माणसं येत राहिली. सुप्याकडची, काटेवाडीची, कोणी बैलगाडीने, कोणी चालत. मोहनराव कचेरीतून थकून यायचे तर अंगणात एखादा अनोळखी म्हातारा हातात सदरा घेऊन बसलेला असायचा. मोहनराव कोट खुंटीला लावायचे आणि डोक्याच्या बाजूला उभे राहायचे. आबाजी आता कोणाला सल्ला देत नव्हते, ते भुई सारवायला पाणी आणून द्यायचे.

गर्दी ओसरली, तशी तानूबाई खाटेवर झोपायला तयार झाली. एकाच बोलीवर: "येळ आली की मला खाली घ्यायचं. इसरायचं न्हाय." मोहनरावांनी आईच्या पायाला हात लावून शब्द दिला, आणि तो ते इतक्या निष्ठेने पाळू लागले, की म्हातारीला झोप मिळेना. तिला उचकी लागली की मोहनराव तिला खाली घेत. ठसका लागला, घेतली खाली. एकदा तर तोंडात तुळशीपत्रसुद्धा घातलं.

"आरं, जांबई दिली म्या," ती पान थुंकून म्हणाली. "ठेव वर."

पण डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. पाय खाली सोडून ती आपली आपण उठू लागली, काठी धरून तुळशीपर्यंत जाऊ लागली. वरून मधूनमधून विचारणा यायची, की रुग्ण बरा झाला की दगावला. मोहनराव लिहायचे, रुग्ण दाखल आहे.

पुढल्या वर्षी माघात, दुपारची जेवणं झाल्यावर, मोहनराव ओट्यावर पान लावत होते. आतून आईची हाक आली. आवाजात घाई नव्हती.

"मोहना, आता घे."

त्यांनी विचारलं नाही, की उचकी आहे का. सारजाने भुई सारवली. मोहनराव डोक्याच्या बाजूला, आबाजी पायाशी. खाली ठेवल्यावर तिने तळहात भुईवर सपाट टेकवला, आणि पाणी गिळलं. मग गेली.

दिवस झाल्यावर खाट स्वच्छ घासून मोहनरावांनी कुंडलिकला बोलावलं. त्याने आपण होऊन खाट गाडीत आडवी घातली. मोहनराव सवयीने मागून चालू लागले. वेस ओलांडल्यावर कुंडलिकने बैल थांबवले आणि मागे वळून बघितलं.

"चालताय कशापायी, अण्णा? बसा की तिच्यावर. रिकामी हाय आता."

मोहनरावांनी नवी टोपी सारखी केली आणि ते खाटेवर जाऊन बसले.